संगणकातील एसएसडी : चैन की गरज?

गेल्या वर्षभरात एकच प्रश्न आम्हांला निरनिराळ्या तोंडून ऐकावा लागला. नांदेडच्या इतवाऱ्यातील एका टेलरमास्तरांनी तो विचारला. देगलूर नाक्याकडे राहणाऱ्या, घरी जरीकाम करणाऱ्या एका भगिनीच्या मुलाने विचारला. लातूरला गंजगोलाईत कापडाचे दुकान असलेल्या आमच्या मामेभावाने तर फोनवर तीन वेळा विचारला. प्रश्न असा : "घरचा संगणक सुरू व्हायलाच पाच मिनिटे लावतो. दुरुस्तीवाला म्हणतो, हार्डडिस्क काढून एसएसडी टाका. खर्च करावा का? की आणखी पैसे घालून नवाच संगणक घ्यावा?"

आम्ही संगणकाचे इंजिनियर नव्हे. आमचे शिक्षण उर्दू माध्यमाच्या शाळेत झाले, हिशेब वडिलांच्या गादीवर बसून शिकलो आणि वडिलांची खतावणी उर्दू लिपीत होती. परंतु एखादी वस्तू घ्यावी की न घ्यावी, तिच्यावर घातलेला पैसा किती दिवसांत वसूल होतो, हा विचार तर व्यापाऱ्यालाच करावा लागतो. तेव्हा आमच्या अनुभवावरून आणि थोड्याफार चौकशीवरून जे समजले ते वाचकबंधूंपुढे मांडतो.

वहीतून संगणकाकडे

कापडाच्या धंद्यात संगणक उशिरा आला. याचे कारण असे की कापडावर पूर्वी विक्रीकर नव्हता. त्यामुळे कित्येक कापड व्यापाऱ्यांनी विक्रीकराची नोंदणीसुद्धा केलेली नव्हती. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, कापडावर ५ टक्के कर बसला आणि सुरतेपासून सर्वत्र कापड बाजारात खळबळ उडाली. बिल, नोंदणी क्रमांक, दरमहाचे विवरणपत्र हे सारे एकदम अंगावर आले. त्या वर्षी आमच्यासारख्या अनेकांनी घाईघाईने संगणक घेतले. कुणी नवे घेतले, कुणी एखाद्या कार्यालयातून निघालेले जुने घेतले. ते दुकानात ठेवायला जागा नव्हती म्हणून घरी ठेवले. दिवसा दुकानात कच्च्या वहीत लिहायचे आणि रात्री घरी मुलाने ते संगणकात भरायचे, असा रिवाज पडला. आज आमच्या लोकांच्या घरी जे संगणक आहेत, त्यांपैकी बरेचसे त्याच काळातले आहेत आणि त्यांत फिरती हार्डडिस्क आहे.

याच संगणकावर मुले अभ्यास करतात. महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. शिष्यवृत्तीचे अर्ज, प्रवेशाचे अर्ज, हजचा अर्ज हे सारे संगणकावरून किंवा मोबाइलवरून भरले जातात. म्हणजे घरचा संगणक ही एकाच वेळी दुकानाची खतावणीही आहे आणि मुलांची पाटीही आहे. तो रेंगाळला की दोघांचीही अडचण होते.

आमच्यावर काय गुजरली

२०२३ सालच्या रमजानमधील गोष्ट. शेवटच्या दहा दिवसांत कापड दुकानात उसंत नसते, हे व्यापारी बांधवांना सांगायला नको. त्या धामधुमीत आमच्या घरच्या संगणकातून टक-टक असा आवाज येऊ लागला. मुलगा म्हणाला, "अब्बा, दाखवून घेऊ." आम्ही म्हणालो, "ईद होऊ दे." चार दिवस तो आवाज येत राहिला आणि पाचव्या रात्री संगणक सुरूच झाला नाही.

हार्डडिस्क गेली होती. हिशेबाची शेवटची प्रत आम्ही दिवाळीच्या सुमारास पेनड्राइव्हवर घेतली होती. म्हणजे पाच महिन्यांहून अधिक काळाचा हिशेब गेला. विक्रीची बिले छापील होती, ती मिळाली. खरेदीची बिले फाइलला होती. गेली ती उधारीची वसुली. कुणी पाचशे दिले, कुणी दोन हजार दिले, ते चिठ्ठीवर लिहून रात्री संगणकात भरायचे आणि चिठ्ठी फाडायची, ही आमची पद्धत होती. बाहेरगावी डिस्क पाठवून मजकूर काढून घेण्याचा जो खर्च सांगण्यात आला, त्यात नवा संगणक आला असता आणि मजकूर मिळेलच याची हमीही नव्हती.

बावीस रात्री आम्ही आणि आमचा मुलगा कच्च्या वह्या घेऊन बसलो. जे जुळले ते जुळले. नाही जुळले तेही बरेच होते. अशात एके दिवशी अर्धापूरकडचे एक गादी-रजई करणारे गृहस्थ दुकानात आले आणि म्हणाले, "सेठ, ऐकले की तुमचा हिशेब गेला. माझ्याकडे चार हजार दोनशे निघतात. तुमच्याकडे नोंद नसली तरी माझ्या ध्यानात आहे." त्यांनी त्यातले दोन हजार तिथेच मोजून दिले. असे आणखी काही लोक आले. काही आले नाहीत. कोण आले नाही ते आम्ही कुणाजवळ बोललो नाही आणि बोलणारही नाही, कारण ज्याने पैसे दिलेले असतील आणि आमच्याकडूनच नोंद हरवली असेल, त्याच्याकडे बोट दाखवणे हा उघड अन्याय झाला असता.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण आपल्याला मदरशात लहानपणीच मिळते. सूरह बकरामधील कर्जाच्या लिखापढीची आयत ही कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे. आम्ही लिहिले होते, पण जे लिहिले ते सांभाळले नाही. ही चूक आमची होती, यंत्राची नव्हे. एसएसडीचा विचार आम्ही तेव्हापासून करू लागलो, म्हणून हे सविस्तर सांगितले.

दोहोंत फरक काय?

हार्डडिस्क म्हणजे एका डबीत गरगर फिरणाऱ्या तबकड्या. त्यांच्यावर चुंबकाच्या साहाय्याने मजकूर लिहिलेला असतो आणि एक बारीक दांडी पुढे-मागे सरकत तो वाचते. आयबीएम कंपनीने १९५६ साली अशी पहिली यंत्रणा विकायला काढली. तिच्यात ५० तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन होते आणि सारा मजकूर मावत होता जेमतेम ५ एमबी. आज मोबाइलमधील एकदोन फोटो तेवढी जागा घेतात.

घरच्या संगणकातील हार्डडिस्क मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे. ऐकायला हे फार वाटते. पण हवा असलेला मजकूर दांडीखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचे सुमारे चार हजारांश भाग, थांबावे लागते. दांडी योग्य जागी सरकण्यास त्याहून अधिक, आठ ते बारा हजारांश लागतात. म्हणजे विखुरलेल्या लहान लहान फाइली वाचायच्या असतील, तर अशी डिस्क सेकंदाला फार तर शंभराच्या आसपास फाइली काढून देते. संगणक सुरू होताना अशा हजारो लहान फाइली वाचाव्या लागतात. तो का रेंगाळतो याचे उत्तर येथेच आहे.

एसएसडीत फिरणारे काहीच नाही. मोबाइलमध्ये किंवा पेनड्राइव्हमध्ये असते त्याच जातीची स्मृती तिच्यात असते. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी ही फ्लॅश स्मृती १९८० च्या दशकात शोधून काढली. १९९१ साली सनडिस्क (पुढची सॅनडिस्क) या अमेरिकी कंपनीने २० एमबीची एसएसडी तयार केली, तेव्हा तिची किंमत सुमारे एक हजार डॉलर होती. त्या कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक संजय मेहरोत्रा मूळचे आपल्या कानपूरचे.

आमच्या धंद्यातला दाखला द्यायचा तर असा : हार्डडिस्क म्हणजे शिडीवाले दुकान. गिऱ्हाईक एकेक ताका मागते, नोकर शिडी सरकवतो, वर चढतो, ताका काढतो, खाली उतरतो, पुन्हा दुसऱ्या कप्प्याकडे शिडी नेतो. एसएसडी म्हणजे सर्व ताके गादीवर हाताशी मांडलेले. एकच मोठा गठ्ठा काढायचा असेल तर शिडीवाल्यालाही फार वेळ लागत नाही. पण दीडशे कटपीस निरनिराळ्या कप्प्यांतून काढायचे असतील, तर शिडीवाला थकून जातो.

आकड्यांतही हेच दिसते. मोठी फाइल सलग वाचताना हार्डडिस्क सेकंदाला १०० ते २०० एमबी देते, तर साधी सॅटा एसएसडी ५०० च्या थोडे वर. म्हणजे तिपटी-चौपटीचा फरक. लहान विखुरलेल्या फाइलींच्या बाबतीत मात्र एसएसडी सेकंदाला हजारोंनी काम उरकते. आमच्या घरी संगणक सुरू होऊन टॅली उघडायला पूर्वी सहा-सात मिनिटे जात. आता एका मिनिटाच्या आत काम सुरू होते.

टॅलीचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हा हिशेबाचा कार्यक्रम १९८६ साली बेंगळुरूच्या श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी सुरू केला. त्यांचा मूळ धंदा कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे भाग पुरवण्याचा होता. आपल्या धंद्याला सोयीचा हिशेब मिळेना म्हणून त्यांनी तो स्वतःच तयार केला. व्यापाऱ्याने यंत्राकडे कसे पाहावे, याचा हा चांगला नमुना आहे.

खर्चाचा हिशेब

आम्ही २०२३ साली ४८० जीबीची एसएसडी तेवीसशे रुपयांना घेतली. बसवणे आणि सर्व कार्यक्रम पुन्हा टाकणे याचे पाचशे वेगळे दिले. एकूण अठ्ठावीसशे. त्याच वेळी नव्या संगणकाचा जो भाव आम्हांला सांगितला गेला तो पस्तीस ते चाळीस हजारांचा होता, आणि दुकानदार तो हप्त्याने द्यायला तयार होता. हप्ता म्हणजे व्याज, हे वेगळे सांगायला नको. ज्या कामाला अठ्ठावीसशे पुरतात त्यासाठी चाळीस हजारांचे व्याजी ओझे डोक्यावर घेणे, हे ना व्यापाराच्या हिशेबात बसते ना आपल्या उसुलात.

आता वेळेचे पाहू. संगणकापुढे वाट पाहण्यात रोजची पंधरा मिनिटे वाचली असे धरा. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर पंचाहत्तर तास होतात. आठ तासांचा एक दिवस धरला तर नऊ दिवसांहून अधिक झाले. टेलरमास्तर असोत की जरी कारागीर, नऊ दिवसांची मजुरी किती होते ते ज्याचे त्याने पाहावे.

एसएसडीवर १८ टक्के जीएसटी आहे. ज्यांची नेहमीच्या पद्धतीची नोंदणी आहे आणि ज्यांचा संगणक खरोखर धंद्याच्या कामाचा आहे, त्यांनी बिल दुकानाच्या नावाने व जीएसटी क्रमांकासह घ्यावे, म्हणजे हा कर वजा मिळतो. कंपोझिशनमध्ये असलेल्यांना ही वजावट नाही. संगणक केवळ मुलांच्या अभ्यासाचा असेल तर तो धंद्याचा दाखवू नये. थोड्या रुपयांसाठी हिशेबात खोट घालणे शोभत नाही आणि परवडतही नाही.

कुणी घ्यावी, कुणी घेऊ नये

आमचे मत स्पष्ट आहे. ज्याच्या घरी फिरत्या हार्डडिस्कचा संगणक आहे, ज्याच्यावर रोज हिशेब किंवा अभ्यास होतो आणि ज्यात निदान ४ जीबी रॅम आहे, त्याने एसएसडी अवश्य घ्यावी. रॅम ८ जीबी करता आली तर आणखी बरे. जुन्या संगणकावर पैसा घालायचाच असेल तर इतर कोणत्याही भागापेक्षा याच भागाने सर्वाधिक फरक पडतो.

टेलरमास्तरांना आम्ही विशेष आग्रह केला. त्यांचा संगणक शिलाई यंत्राच्या टेबलालाच लागून आहे. यंत्र चालले की टेबल हादरते, आणि फिरत्या तबकडीला हादरा मानवत नाही. एसएसडीला त्याचे सोयरसुतक नाही. भरतकामाचे नमुने संगणकावर ठेवणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

परंतु ज्याचे सारे काम मोबाइलवर भागते, बिले चारदोन आहेत आणि संगणक महिन्यातून एकदा उघडतो, त्याने हा खर्च करू नये. ज्याचा संगणक इतका जुना आहे की त्याचा मदरबोर्डच दुखणाईत आहे, त्यानेही करू नये. फाटक्या सदऱ्याला रेशमी अस्तर लावून सदरा टिकत नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या सुधारणा आणखी वर्षभर देऊ केल्या, पण ती सोय कायमची नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१७ च्या आधीचे बहुतेक संगणक त्या चाळणीतून खाली पडतात. एसएसडी टाकल्याने ही अडचण सुटत नाही. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत. मुलांच्या अभ्यासासाठी त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली टाकता येते. संगणक अलीकडचा असेल तर प्रश्नच नाही. जुना असेल तर लातूरच्या मामेभावाला आम्ही दिला तोच सल्ला : एसएसडी आत्ता घ्या, दोन-तीन वर्षे काढा आणि पुढे नवा संगणक रोखीने घ्याल तेव्हा हीच एसएसडी काढून त्यात जोडा. सॅटा जोडणीची जागा असलेल्या संगणकात ती दुसरी डिस्क म्हणून चालते. पैसा वाया जात नाही.

"ती झिजते म्हणे"

हा आक्षेप आम्ही फार ऐकला. तो खोटा नाही. फ्लॅश स्मृतीवर ठरावीक वेळाच लिहिता येते. परंतु हिशेब करून पाहा. चांगल्या नावाच्या ५०० जीबीच्या सॅटा एसएसडीला कंपन्या साधारण १८० ते ३०० टेराबाइट लिखाणाची हमी देतात. रोज २० जीबी लिहिले, आणि घरगुती वापरात एवढे क्वचितच लिहिले जाते, तरी १८० टेराबाइट संपायला नऊ हजार दिवस, म्हणजे सुमारे चोवीस वर्षे लागतील. तोवर संगणकच बदललेला असेल.

खरी भीती दुसरीच आहे. हार्डडिस्क मरण्याआधी बहुधा इशारा देते. आम्हांला चार दिवस टक-टक ऐकू आली होती, आम्हीच ऐकली नाही. एसएसडीत फिरणारे काही नाही म्हणून आवाजही नाही. तिच्यातील मुख्य चिप बिघडली तर ती एखाद्या सकाळी एकाएकी मुकी होते आणि आतला मजकूर परत मिळणे हार्डडिस्कपेक्षाही कठीण असते. चुकून पुसलेली फाइलही तिच्यातून सहसा परत मिळत नाही, कारण रिकामी झालेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते. तेव्हा "एसएसडी टाकली, आता हिशेब सुरक्षित" असे कुणी समजत असेल तर तो मोठा गैरसमज आहे. एसएसडीने वेग मिळतो, हिशेब राखायचा असेल तर त्याच्या प्रती काढाव्या लागतात.

प्रती कशा ठेवाव्यात? जाणकार मंडळी एक साधा नियम सांगतात : तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या वस्तूंवर, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. आम्ही तो आमच्या पद्धतीने पाळतो. मूळ हिशेब एसएसडीवर. रोज रात्री दुसरी प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर, आणि ती डिस्क काम झाल्यावर संगणकापासून सोडवून ठेवतो. तिसरी प्रत दर जुम्याला पेनड्राइव्हवर, कुलूपशब्द लावून. नांदेडहून लातूरला आमच्यापैकी कुणी ना कुणी महिन्यातून एकदा जातेच. आमचा पेनड्राइव्ह मामेभावाच्या तिजोरीत राहतो आणि त्याचा आमच्या तिजोरीत. सुमारे दीडशे किलोमीटरचे अंतर आहे. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने मराठवाड्याची काय दशा केली ते आपण पाहिले. मुखेड तालुक्यात तर गावेच पाण्यात गेली. पाणी घरात शिरले की वही, संगणक, पेनड्राइव्ह सारे एकाच वेळी भिजते. एक प्रत परगावी असावी ती यासाठी.

प्रतीसाठी एसएसडी वापरून ती वर्षानुवर्षे कपाटात टाकून ठेवू नये. तिच्यातील मजकूर विजेच्या भाराच्या रूपात असतो आणि वीज न मिळता फार काळ पडून राहिल्यास तो हळूहळू विरतो. उद्योगाच्या मानकाप्रमाणे घरगुती एसएसडीने तिचे ठरलेले लिखाण संपल्यावर ३० अंश तापमानात विजेवाचून एक वर्ष मजकूर राखावा, एवढीच अपेक्षा असते. उष्णता वाढली की मुदत घटते, आणि आमचा नांदेडचा उन्हाळा ४२ अंशांच्या घरात जातो. नवी एसएसडी याहून पुष्कळ अधिक टिकते हे खरे, पण कपाटातल्या प्रतीसाठी हार्डडिस्कच बरी. मुद्दाम म्हणूनच आम्ही सांगतो की हार्डडिस्क टाकाऊ झालेली नाही. फोटो, निकाहच्या चित्रफिती, जुनी बिले यांना ती अजून स्वस्त आणि योग्य जागा आहे.

खरेदी करताना

पहिले, नाव असलेल्या कंपनीची घ्यावी आणि पक्के बिल घ्यावे. हमी तीन किंवा पाच वर्षांची असते, ती बिलाशिवाय मिळत नाही. दुसरे, अतिशय स्वस्त आणि अनोळखी नावाच्या मालापासून दूर राहावे. डबीवर १ टेराबाइट छापलेले आणि आत प्रत्यक्षात थोडीच जागा, असा बनावट माल बाजारात येतो. गज आखूड ठेवून कापड मोजणारा आणि हा विक्रेता एकाच जातीचे. तिसरे, वापरलेली एसएसडी घेत असाल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत कार्यक्रमाने ती किती तास चालली आणि किती आयुष्य उरले ते दुकानातच पाहून घ्यावे.

चौथे, आपल्या संगणकात कोणती बसते ते आधी विचारावे. जुन्या संगणकात अडीच इंची सॅटा बसते. नव्या संगणकात एनव्हीएमई नावाची पट्टीसारखी एसएसडी बसते, ती कागदावर सातपट किंवा अधिक वेगवान असते. पण हिशेब, बिले आणि अभ्यास या कामात दोहोंतला फरक हाताला फारसा जाणवत नाही. पाचवे, आकार गरजेपुरता घ्यावा. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी जागा लागते. प्रणाली आणि हिशेब मिळून २४०-२५६ जीबी पुष्कळांना पुरते. जुनी हार्डडिस्क चांगली असेल तर तीच दुसरी डिस्क म्हणून जोडून ठेवावी. ती भंगारात द्यायची असेल तर आधी हातोड्याने तबकडी फोडावी, कारण तिच्यात आपल्या गिऱ्हाइकांची नावे आणि उधारी आहे, आणि ती आपल्याकडे अमानत आहे.

सहावे, यूपीएसची बॅटरी तपासावी. लिहीत असताना वीज गेली तर एसएसडीचाही मजकूर बिघडतो. मराठवाड्यात वीज विचारून जात नाही.

भावाचे काय?

२०२५ च्या अखेरीपासून या मालाचे भाव चढले आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर उभी राहत असलेली प्रचंड संगणक केंद्रे स्मृतीचा माल उचलत आहेत आणि कारखानदारांचा कल त्यांच्याकडे आहे. मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशियल हा किरकोळ विक्रीचा धंदाच बंद करण्याचे जाहीर केले. त्यामुळे आम्हांला २०२३ साली मिळालेल्या भावाची अपेक्षा धरू नये.

मग थांबावे का? कापड व्यापाऱ्याला भावाची चढउतार नवी नाही. २०११ साली थायलंडमध्ये पूर आला तेव्हा हार्डडिस्कचे भाव असेच भडकले होते, पुढे ते उतरले. हेही उतरतील, पण केव्हा ते कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आमचा सल्ला असा : गरज नसताना भाव वाढतील या भीतीने घेऊ नये. आणि गरज असताना भाव उतरतील या आशेने लग्नसराईचा हंगाम रेंगाळणाऱ्या संगणकावर काढू नये. दोन-तीन दुकानांत त्या दिवसाचा भाव विचारावा, लहान आकाराची घ्यावी आणि मोकळे व्हावे.

तात्पर्य

एसएसडी ही चैन नव्हे, पण ती तावीजही नव्हे. रोज काम करणाऱ्याच्या घरी ती थोड्या पैशात मोठी सोय आहे. आमच्या कारागीर आणि व्यापारी बांधवांकडे हुन्नर आहे, मेहनत आहे. कमी पडतो तो हिशेब. बँकेत कर्ज नको असले तरी साधे खाते वाढवायला, सरकारी खरेदीत माल द्यायला, भावाभावांत वाटणी करायला, प्रत्येक ठिकाणी लिहिलेला कागद मागतात. तो ज्याच्याकडे असतो त्याचे म्हणणे ऐकले जाते.

लेख लिहून झाला तेव्हा टेलरमास्तरांचा फोन आला. म्हणाले, "सेठ, एसएसडी बसवली. संगणक पळतो आहे." आम्ही विचारले, "मास्तर, प्रत घेतली का?" पलीकडे थोडी शांतता झाली. मग म्हणाले, "रात्री घेतो."

वाचकबंधूंनो, रात्रीची वाट पाहू नका. एसएसडी घ्या अगर न घ्या, हा अंक खाली ठेवून आधी आपल्या हिशेबाची एक प्रत काढा. आम्हांला ती अक्कल बावीस रात्री घालवून आली. तुम्हांला ती या पानावर मिळावी, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.